रिकॉलचं काम झालं, बिघाड मात्र तिथेच

कंपनीकडून रिकॉलचा, म्हणजे दोष काढण्यासाठी गाडी परत बोलावल्याचा, मेसेज आला की काहीजण घाबरून गाडी विकायला काढतात आणि काहीजण "यांचं चालूच असतं" म्हणत मेसेज पुसून टाकतात. खरी पंचाईत होते ती तिसऱ्याच मंडळींची. त्यांच्या गाडीला आधीपासून इलेक्ट्रिकलचा त्रास असतो. मध्येच डॅशबोर्डवर तीन-चार दिवे एकदम लागतात, सकाळी सेल्फ नुसता टकटक करतो, एखादी काच अर्ध्यावर अडकते. रिकॉल आला म्हणजे एकदाचा रोग सापडला, असं त्यांना वाटतं. काम होतं, गाडी घरी येते आणि थोड्याच दिवसांत तोच दिवा पुन्हा लागतो. मग राग रिकॉलवर निघतो.

रिकॉल एका ठरावीक दोषापुरता आणि ठरावीक गाड्यांपुरता असतो. तुमची तक्रार त्याच दोषातून आली असेल तर ती जाईल, नसेल तर राहील. त्यामुळे ही दोन कामं पहिल्यापासून वेगळी धरलेली बरी: रिकॉल वेळेवर करून घेणं हे एक, आणि वारंवार येणाऱ्या बिघाडाचं मूळ शोधणं हे दुसरं. दुसरं काम जास्त अवघड आहे, म्हणून या लेखातही त्यालाच जास्त जागा दिली आहे.

रिकॉल कुणाला लागू, कुणाला नाही

एखाद्या काळात तयार झालेल्या किंवा एखाद्या पुरवठादाराचा भाग बसवलेल्या गाड्यांत सुरक्षिततेला धोका ठरणारा दोष आहे, असं कंपनीला किंवा सरकारी यंत्रणेला आढळलं, की त्या गाड्या परत बोलावून दोष फुकट काढून द्यायचा, याला रिकॉल म्हणतात. अमेरिकेत १९६६ च्या कायद्याने याची सुरुवात झाली. तिथे दोष सुरक्षिततेशी निगडित आहे असं ठरल्यावर कंपनीला कामकाजाच्या ५ दिवसांत सरकारी यंत्रणेला कळवावं लागतं आणि मालकांना साधारण ६० दिवसांत पत्रं पाठवावी लागतात. भारतात २०१२ पासून वाहन उत्पादकांच्या संघटनेची, म्हणजे सियामची, स्वेच्छेने पाळायची संहिता होती. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात कलम ११०अ आलं आणि त्याखालचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. आता सरकार कंपनीला रिकॉल करायला भाग पाडू शकतं. हे नियम सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांसाठी आहेत.

रिकॉल चासी नंबरावर ठरतो. मॉडेल, रंग आणि वर्ष सारखं असलेल्या दोन गाड्यांपैकी एक यादीत असते आणि दुसरी नसते, हे नेहमीचं आहे. नंबर १७ अक्षरं-आकड्यांचा असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच येत नाहीत, कारण १ आणि ० शी त्यांची गल्लत होते. त्यामुळे नंबर टाकताना "ओ की शून्य" असा प्रश्न पडला तर बिनधास्त शून्य टाका. कंपनीच्या संकेतस्थळावर हा नंबर टाकला की बाकी असलेलं काम दिसतं. पत्राची वाट बघत बसू नका, विशेषतः गाडी दुसऱ्या हाताने घेतली असेल तर. कंपनीच्या नोंदीत अजून पहिल्या मालकाचाच पत्ता आणि फोन असतो.

रिकॉलची भावंडं वाटावीत असे आणखी काही प्रकार आहेत आणि सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर ते सर्रास एकाच नावाने खपवले जातात. सर्व्हिस कॅम्पेनमध्ये कंपनी आपणहून एखादा भाग किंवा सॉफ्टवेअर बदलून देते, पण त्याला मुदत असू शकते. वाढीव वॉरंटीत ठरावीक भागावरची हमी काही वर्षं पुढे नेलेली असते. टेक्निकल बुलेटिन म्हणजे कंपनीने आपल्या वर्कशॉपना दिलेली सूचना: अमुक लक्षण दिसलं तर तमुक तपासा. बुलेटिन असलं म्हणजे काम फुकट होईलच असं नाही. पण वारंवार येणाऱ्या बिघाडात मला सगळ्यात उपयोगी वाटते ती हीच गोष्ट. "या लक्षणासाठी कंपनीचं बुलेटिन निघालंय का, ते बघून सांगा" एवढं एक वाक्य काउंटरवर बोललात तर समोरच्याला कॉम्प्युटर उघडावाच लागतो.

पत्रातल्या दोन सूचना मात्र अक्षरशः पाळायच्या. "दुरुस्तीपर्यंत गाडी चालवू नका" ही एक. "गाडी उघड्यावर, इमारतीपासून लांब लावा" ही दुसरी, आणि ती लोकांना अतिरेकी वाटते. बंद करून लावलेली गाडी पेट कशी घेईल, असा त्यांचा प्रश्न असतो.

बंद गाडीतही करंट असतो

चावी काढली तरी गाडीतले काही भाग बॅटरीला थेट जोडलेले राहतात. फोर्डच्या गाड्यांत ब्रेक दाबल्यावर क्रूझ कंट्रोल तोडणारा एक स्विच असाच कायम जिवंत होता. त्याच्या एका बाजूला ब्रेक ऑइल आणि दुसऱ्या बाजूला विजेचे संपर्क, मध्ये पातळ पडदा. पडदा झिजला की ऑइल आत झिरपायचं आणि स्विच तापून पेट घ्यायचा, तेही गाडी उभी असताना. १९९९ पासून दहा वर्षं या एका स्विचपायी एकामागून एक रिकॉल निघत राहिले आणि परत बोलावलेल्या गाड्यांची संख्या एक कोटीच्या पार गेली.

सप्टेंबर २०२३ मध्ये ह्युंदाई आणि किया यांनी अमेरिकेत सुमारे ३४ लाख गाड्या परत बोलावल्या. इथेही ब्रेक ऑइल आणि वीज यांचीच गाठ पडली होती. एबीएसच्या, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या, युनिटमध्ये आतल्या आत ऑइल गळून शॉर्ट होण्याची शक्यता होती आणि मालकांना गाडी घराबाहेर उघड्यावर लावायला सांगितलं गेलं. उपाय काय, तर एबीएसचा फ्यूज बदलायचा. एवढ्या मोठ्या दोषावर एवढासा फ्यूज, हे बऱ्याच मालकांच्या पचनी पडलं नाही. त्यामागचा विचार असा की गळती झाली तरी करंट आग लागण्याइतका वाढण्याआधीच फ्यूज उडावा. धोका त्याने आटोक्यात येतो, पण युनिट तेच राहतं. म्हणजे त्या गाडीत आधीपासून एबीएसचा दिवा दुसऱ्या कशामुळे लागत असेल, तर रिकॉलनंतरही तो लागणारच. काम घेण्याआधी पत्रातला "उपाय" हा परिच्छेद नीट वाचायचा तो यासाठी.

काही वेळा उपायच पुन्हा दुरुस्त करावा लागतो. ह्युंदाईची आयोनिक ५ आणि कियाची ईव्ही६ या इलेक्ट्रिक गाड्यांत आयसीसीयू नावाचं एक युनिट असतं, जे मोठ्या बॅटरीतून छोटी १२ व्होल्टची बॅटरी चार्ज करत राहतं. ते खराब झालं की छोटी बॅटरी उतरत जाते आणि चालत्या गाडीची ताकद कमी होऊ लागते. २०२४ मध्ये या एकाच भागासाठी मार्चमध्ये एक आणि नोव्हेंबरमध्ये दुसरा रिकॉल निघाला. म्हणून "आमच्या गाडीचं ते काम झालंय" एवढ्यावर थांबू नये. रिकॉलचा क्रमांक जुळवावा आणि चासी नंबर वर्षातून एक-दोनदा पुन्हा तपासावा.

तक्रारीचे शब्द

जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचचं प्रकरण गाजलं ते मृत्यूंच्या आकड्यामुळे. माझ्या मते त्यातून शिकण्यासारखी गोष्ट त्याहून साधी आहे. शेव्हरोले कोबाल्टसारख्या गाड्यांत चावी फिरवल्यावर ती जागेवर धरून ठेवणारा खटका कमजोर होता. जड किल्ल्यांचा जुडगा किंवा गुडघ्याचा धक्का लागला की चावी "रन" वरून "ॲक्सेसरी" वर सरकायची. इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग बंद आणि एअरबॅगही निकामी. २०१४ मध्ये सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या, आणि नुकसानभरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले.

हे इतकी वर्षं दबून का राहिलं? एक कारण असं, की कंपनीच्या आत ही तक्रार "चालता चालता इंजिन बंद पडतं" अशी नोंदली गेली आणि ग्राहकाच्या गैरसोयीच्या खात्यात जमा झाली. इंजिनसोबत एअरबॅगही बंद पडते, हा दुवा वेळेवर कुणी जोडलाच नाही. दुसरं कारण तर कुठल्याही मेकॅनिकला चीड आणेल असं आहे. मधल्या काळात स्विचची रचना सुधारली गेली, पण पार्ट नंबर तोच ठेवला. त्यामुळे जुन्या आणि नव्या गाड्यांची तुलना करणाऱ्यांना फरक कुठून आला याचा पत्ता लागेना.

आपल्या पातळीवर याचा अर्थ असा की जॉब कार्डवर, म्हणजे वर्कशॉपच्या तक्रार-नोंदीच्या कागदावर, लिहिलेले शब्द हलके घेऊ नयेत. सर्व्हिस ॲडव्हायजर "इलेक्ट्रिकल प्रॉब्लेम, चेक करणे" असं लिहितो आणि आपण सही करतो. त्याऐवजी असं काही लिहून घ्यायला हवं: "गाडी ४० मिनिटं चालल्यावर, हेडलाइट आणि एसी सुरू असताना, खड्ड्यातून जाताना स्टिअरिंग जड झालं. एबीएस, ईपीएस आणि एअरबॅग हे तीन दिवे एकदम लागले. गाडी बंद करून पुन्हा सुरू केल्यावर गेले." यात वेळ आहे, लोड आहे, धक्का आहे, दिव्यांची नावं आहेत (ईपीएस म्हणजे विजेवर चालणारं पॉवर स्टिअरिंग) आणि आपोआप बरं झाल्याची नोंदही आहे. चांगल्या वायरमनला यावरून अर्धा रस्ता सापडतो, कारण तीन वेगवेगळ्या यंत्रणा एकाच क्षणी बिघडत नाहीत. त्यांना जोडणारं काहीतरी सामाईक बिघडलेलं असतं: पुरवठा, अर्थिंग (बॅटरीच्या निगेटिव्हची बॉडी आणि इंजिनशी असलेली जोडणी) किंवा आपसातली संदेशवाहिनी. दिवा लागलेला असताना शेजारी बसलेल्याने काढलेला व्हिडिओ जोडलात तर "आमच्याकडे आल्यावर काही दिसलं नाही" हे उत्तर देणं अवघड जातं.

स्कॅनर काय सांगतो आणि काय सांगत नाही

आता जवळजवळ प्रत्येक गाडीत स्टिअरिंगच्या खाली ओबीडीचं, म्हणजे गाडीने स्वतः नोंदलेले बिघाड वाचायचं, सॉकेट असतं. अमेरिकेत १९९६ पासून ते सक्तीचं आहे. स्कॅनर लावला की कोड मिळतात. पी ने सुरू होणारे इंजिन-गिअरबॉक्सचे, सी चे ब्रेक-स्टिअरिंगचे, बी चे केबिनमधले आणि यू चे मॉड्यूलच्या आपसातल्या बोलण्याचे. मॉड्यूल म्हणजे गाडीतले छोटे कॉम्प्युटर. ते डझनावारी असतात आणि ते एकमेकांशी बहुधा दोन वायरींच्या जोडीवर बोलतात. त्या जोडीला कॅन बस म्हणतात.

आता नेहमी होणारा घोटाळा बघा. स्कॅनरवर "एबीएस मॉड्यूलशी संपर्क तुटला" असा यू०१२१ कोड येतो. वर्कशॉप महागडं एबीएस मॉड्यूल बदलायला सांगतं. पण कोड फक्त एवढंच म्हणतो की बाकीच्यांना एबीएसचा आवाज ऐकू आला नाही. मॉड्यूल मेलं असेल, किंवा त्याला पुरवठाच पोचला नसेल, किंवा त्याचं अर्थिंग सुटलं असेल, किंवा कपलरमध्ये, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लगमध्ये, पाणी गेलं असेल. यू च्या कोडांसोबत पी०५६२, म्हणजे "व्होल्टेज कमी", हा कोडही बसलेला असेल तर आधी बॅटरी आणि अर्थिंग बघायचं, मॉड्यूलला हात लावायचा नाही.

कोड "उडवून" बघू, हा सगळ्यात लाडका उपाय. उडवायला हरकत नाही, पण आधी सगळे कोड आणि त्यांची फ्रीज फ्रेम उतरवून घ्या. फ्रीज फ्रेम म्हणजे कोड बसला त्या क्षणाची नोंद: वेग, इंजिनचं तापमान, फेरे, बऱ्याच गाड्यांत व्होल्टेजसुद्धा. कधीतरीच येणाऱ्या बिघाडाचा हाच एकमेव साक्षीदार असतो आणि तो एका बटणावर नाहीसा होतो. बॅटरीची वायर काढून "रिसेट" करणारे तर त्याला न विचारताच घालवतात.

मूळ बहुतेक वेळा साधं असतं

वारंवार येणाऱ्या बिघाडात शोध बॅटरीपासून सुरू करायचा. काही तास उभ्या असलेल्या गाडीत चांगल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसतात. १२.४ म्हणजे पाऊणएक भरलेली, १२.० म्हणजे जवळपास उतरलेली. इंजिन सुरू असताना १३.८ ते १४.७ च्या आसपास दिसायला हवेत. नव्या गाड्यांत अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा भाग, इंधन वाचवण्यासाठी मुद्दाम कमी-जास्त चार्ज करतो, त्यामुळे मीटरवर क्षणभर १२.८ दिसले म्हणून अल्टरनेटर बाद करू नये.

तरीही बॅटरी पुन्हा पुन्हा उतरते? तीन कारणं सोडून पुढे जाऊ नका. पहिलं, सिग्नलला आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाडीत साधी बॅटरी बसवली गेली. त्या गाड्यांना एजीएम किंवा ईएफबी प्रकारची लागते आणि साधी फार टिकत नाही. काही गाड्यांत नवी बॅटरी बसवल्याची नोंद स्कॅनरने करावी लागते, नाहीतर गाडी जुन्याच हिशेबाने चार्ज करते. दुसरं, निगेटिव्ह टर्मिनलवर बसलेल्या सेन्सरला बगल देऊन ॲक्सेसरीची वायर थेट टर्मिनलवर बांधली गेली. तो करंट सेन्सरला दिसतच नाही आणि बॅटरी किती भरली आहे याचा गाडीचा अंदाज चुकत जातो.

तिसरं, गाडी बंद असताना चोरून जाणारा करंट. सगळे मॉड्यूल झोपी गेल्यावर साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत करंट जाणं ठीक मानतात. तो अर्धा अँपिअर असेल तर दिवसाला १२ अँपिअर-तास जातात. ६० अँपिअर-तासांची बॅटरी तिसऱ्या-चौथ्या दिवशी सेल्फ फिरवायला नकार देते. रोज वापरातल्या गाडीत हे कळतच नाही, सुट्टीवरून आल्यावर कळतं. कारणं बहुतेक नंतर बसवलेली असतात: डॅशकॅम, ट्रॅकर, अलार्म, ॲम्प्लिफायर, ओबीडी सॉकेटमध्ये कायम खोचून ठेवलेलं एखादं उपकरण. मोजतानाही एक गंमत आहे. दार उघडलं की मॉड्यूल जागे होतात, फ्यूज काढून परत घातला तरी होतात. म्हणून दाराचा खटका स्क्रूड्रायव्हरने बंद करून गाडीला "दार लागलंय" असं भासवतात, चावी लांब नेऊन ठेवतात, अर्धा-पाऊण तास थांबतात आणि मग फ्यूज न काढता त्याच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांवर मिलिव्होल्ट मोजतात. ज्या फ्यूजवर आकडा दिसतो, त्या फ्यूजमधून करंट जातो आहे. तिथून पुढे ती वायर कुठे जाते एवढंच बघायचं.

अर्थिंगची चाचणी मात्र थोडी सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त मॉड्यूल विनाकारण बदलले जातात ते हिच्या अभावी. बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक जाड पट्टा बॉडीला आणि एक इंजिनला जातो. त्याच्या बोल्टखाली गंज किंवा रंग आला की जोडणी दिसायला घट्ट असते, पण आतून अडते. मल्टिमीटर ओहमवर लावून तपासलं तर तो "शून्य" दाखवतो आणि मेकॅनिक म्हणतो, अर्थिंग ठणठणीत. साध्या मल्टिमीटरला ०.०१ ओहम दिसतच नाहीत. सेल्फ मात्र २०० अँपिअर ओढतो, आणि २०० गुणिले ०.०१ म्हणजे पूर्ण २ व्होल्ट त्या गंजात खर्च होतात.

म्हणून मोजायचं ते लोडखाली, म्हणजे करंट वाहत असताना. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर टेकवा, वायरच्या चिमट्यावर नको, प्रत्यक्ष शिशाच्या खांबावर. दुसरं टोक इंजिनच्या उघड्या धातूवर. कुणालातरी सेल्फ मारायला सांगा. मीटरवर ०.२ व्होल्टच्या आत आकडा राहिला तर अर्थिंग चांगलं. अर्धा किंवा एक व्होल्ट दिसला तर दोष त्या वाटेवर आहे, आणि मग दुसरं टोक इंजिनवरून पट्ट्याच्या बोल्टवर, बोल्टवरून चिमट्यावर असं मागे मागे आणत गेलं की आकडा जिथे एकदम गळतो तिथेच गंज सापडतो. बोल्ट सोडायचा, धातू चकचकीत होईपर्यंत घासायचा, पुन्हा आवळायचा. हीच पद्धत कुठल्याही मॉड्यूलच्या अर्थवर वापरता येते, फक्त ते मॉड्यूल काम करत असताना मोजायचं.

स्टिअरिंगच्या मोटरचंही तेच. पार्किंग करताना चाकं पूर्ण वळवली की ती काही क्षण भरमसाट करंट मागते. पुरवठा कमजोर असेल तर नेमकं त्याच क्षणी व्होल्टेज कोसळतं, दोन-तीन मॉड्यूल रिसेट होतात आणि डॅशबोर्ड दिव्यांनी भरून जातो. मालक म्हणतो, गाडी लावताना सगळंच बिघडतं. तो खरं सांगत असतो.

वायरी तुटतात कुठे

वायर मधोमध सहसा तुटत नाही. जिथे ती रोज वाकते तिथे तुटते: दार आणि बॉडीच्या मधल्या रबरी नळीत, डिकीच्या बिजागरीपाशी. वरचं प्लास्टिक शाबूत आणि आतलं तांबं तुटलेलं, त्यामुळे दार एका कोनात असताना काच चालते आणि दुसऱ्या कोनात नाही. रबर मागे सरकवून एकेक वायर हलकेच ओढली की तुटलेली वायर रबरासारखी ताणते.

पाणी हा दुसरा शत्रू. सनरूफच्या किंवा काचेखालच्या पन्हळीची भोकं पाल्याने तुंबली की पाणी केबिनमध्ये उतरतं आणि गालिच्याखालच्या कपलरमध्ये साचतं. कपलर उघडल्यावर हिरवट-पांढरी पूड दिसली तर निदान झालंच. स्प्रे मारून ती पुसली जाते, पण पाण्याची वाट बंद केली नाही तर पुढच्या पावसाळी हंगामात ती परत येते. कधी कधी पाणी किंवा ऑइल वायरच्या आतून, तांब्याच्या तारांमधल्या फटीतून चढत जातं आणि गळतीपासून हातभर लांबच्या मॉड्यूलमध्ये पोचतं. अशा वेळी मॉड्यूल बदललं की काही महिने बरं वाटतं.

तिसरी जागा म्हणजे नुकतंच जिथे काम झालंय ती. रिकॉलच्या कामानंतर नवाच दिवा लागला तर आधी तिकडे बघायला सांगा. सीट काढली असेल तर तिच्याखालचा एअरबॅगचा कपलर अर्धवट बसलेला असतो. बॅटरी काढली असेल तर चिमटा सैल राहिलेला असतो. सॉफ्टवेअर टाकताना बॅटरीला बाहेरून स्थिर पुरवठा जोडावा लागतो. तो न जोडता काम केलं आणि मध्येच व्होल्टेज पडलं तर चांगलं मॉड्यूलसुद्धा अर्धवट सॉफ्टवेअरसह अडकतं.

घरच्या घरी करू नये अशा गोष्टी थोड्याच आहेत, पण त्या जिवावरच्या आहेत. पिवळ्या कपलरच्या वायरी एअरबॅगच्या असतात आणि नारिंगी जाड वायरी हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या मोठ्या व्होल्टेजच्या. दोन्हींना हात लावायचा नाही, मीटरसुद्धा नाही. फ्यूज सतत उडतो म्हणून १५ च्या जागी ३० चा घालणं म्हणजे वायरिंगलाच फ्यूज बनवणं आहे. आणि जळका वास आला, धूर दिसला, चालत्या गाडीत ताकद गेली किंवा स्टिअरिंग-ब्रेक जड झाले, तर "सर्व्हिसिंगला दाखवू" असं म्हणायची ती वेळ नव्हे. गाडी बाजूला घेऊन टोइंग बोलवा.

कागद जपायचे ते कशासाठी

दुरुस्तीच्या प्रत्येक फेरीचं जॉब कार्ड, तारीख आणि किलोमीटरसह, जपून ठेवा. काही सापडलं नाही तरी "दोष आढळला नाही" असं लिहिलेली प्रत घ्या. ती वाया गेलेली फेरी वाटते, पण कायद्याच्या दृष्टीने तीही एक संधी मोजली जाऊ शकते. अमेरिकेत पहिला लेमन लॉ, म्हणजे सतत बिघडणाऱ्या गाडीच्या मालकाला दाद देणारा कायदा, कनेक्टिकट राज्यात १९८२ मध्ये आला. पुढे राज्याराज्यांत असे कायदे झाले आणि त्यांची कसोटी साधारण एकच आहे: त्याच दोषासाठी वाजवी वेळा दुरुस्ती करूनही तो गेला नाही, किंवा गाडी ठरावीक दिवसांहून जास्त वर्कशॉपमध्ये पडून राहिली. ब्रिटनमध्ये २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याप्रमाणे पहिल्या ३० दिवसांत सदोष वस्तू सरळ परत करता येते. त्यानंतर विक्रेत्याला दुरुस्तीची एक संधी मिळते आणि ती फसली तर ग्राहक पैसे मागू शकतो. भारतात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष उत्पादनाबद्दल निर्मात्याला जबाबदार धरणारं स्वतंत्र प्रकरण आहे. कुठल्याही देशात गेलं तरी तक्रार "तीच" आहे हे दाखवावं लागतं. पहिल्या कार्डावर "बॅटरी", दुसऱ्यावर "सेन्सर" आणि तिसऱ्यावर "जनरल चेकअप" लिहिलेलं असेल तर समोरचा वकील म्हणणार, या तीन वेगळ्या तक्रारी आहेत.

वर्कशॉपच्या पातळीवर काम अडलं तर कंपनीच्या ग्राहक विभागाला लेखी कळवा आणि कंपनीच्या टेक्निकल इंजिनिअरने गाडी बघावी अशी मागणी करा. बिघाड सुरक्षिततेशी निगडित असेल, म्हणजे ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग, चालत्या गाडीत इंजिन बंद पडणं किंवा आगीची शक्यता, तर सरकारी यंत्रणेकडेही नोंद करा. अमेरिकेत अशा तक्रारी चासी नंबराचा काही भाग झाकून जाहीर केल्या जातात आणि कुणालाही वाचता येतात. आपल्याच मॉडेलच्या तक्रारी तिथे चाळल्या तर कधी कधी लक्षणांचं हुबेहूब वर्णन सापडतं. भारतातल्या २०२१ च्या नियमांतही मालकांच्या तक्रारी पोर्टलवर घेण्याची तरतूद आहे. एकाच प्रकारच्या तक्रारी ठरावीक प्रमाणात जमल्या की चौकशी सुरू होऊ शकते. रिकॉल निघायच्या आधी तोच दोष तुम्ही स्वतःच्या पैशाने दुरुस्त केला असेल तर बिल शोधून ठेवा. अनेक रिकॉलमध्ये तो खर्च परत मिळतो, फक्त मागण्याची मुदत पत्रात दिलेली असते.

गाडी ताब्यात घेताना तीन गोष्टी मागायच्या: बदललेला जुना भाग, कामानंतरच्या स्कॅनची प्रत, आणि रिकॉलचा क्रमांक लिहिलेलं बिल, रक्कम शून्य असली तरी. ज्या परिस्थितीत बिघाड यायचा ती मुद्दाम घडवून बघा. एसी, हेडलाइट, मागच्या काचेचा हीटर सगळं सुरू करून उभ्या गाडीत स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. दिवा लागलाच तर वर्कशॉपच्या आवारात लागलेला बरा.

जुनी गाडी घेणाऱ्याने यातलं निम्मं काम सौदा ठरण्याआधीच उरकून घ्यावं. चासी नंबर टाकून बाकी रिकॉल बघायला दोन मिनिटं लागतात, आणि बाकी असलेलं काम नव्या मालकालाही फुकटच करून मिळतं. विकणाऱ्याकडे जुनी जॉब कार्डं असतील तर ती तारखेप्रमाणे लावून वाचा. दीड-दोन वर्षांत दोन बॅटऱ्या, एक अल्टरनेटर आणि एक मॉड्यूल बदललेलं दिसलं, तर मूळ बिघाड अजून गाडीतच आहे असं धरून चाला आणि वर सांगितलेली अर्थिंगची चाचणी विकणाऱ्यासमोरच करून बघा.